उसाच्या फडात वसलेलं गाव

पुण्याहून सोलापूरच्या रस्त्यानं निघालं की हडपसरचा गाडीतळ लागतो. आषाढी वारीत ज्ञानोबांची आणि तुकोबांची पालखी पुण्याहून एका वाटेनं निघते ती इथपर्यंत. इथून माउलींची पालखी उजव्या हाताला वळून दिवे घाटानं सासवडला जाते आणि तुकोबांची सरळ लोणी काळभोरला. एरवी मात्र गाडीतळ म्हणजे रिक्षांची रांग, पेरूच्या हातगाड्या, डोक्यावर धडधडणारा पूल, आणि एस.टी.तून उतरताना "पर्स सांभाळा हो" म्हणून सगळ्यांना बजावणारी एखादी पोक्त बाई. या गाडीतळापासून मुंढव्याच्या बाजूला रिक्षानं थोडं आत गेलं की मगरपट्टा सिटीची कमान लागते. आत शिरलं की पहिली गोष्ट जाणवते ती म्हणजे हॉर्न थांबतात. दुसरी, झाडं. रस्त्याच्या दोन्ही अंगांनी अशी झाडी, की बाहेर आपण धुरळा खाल्ला तो खरा की हे खरं, असा प्रश्न पडावा.

मगर आडनावाच्या शेतकऱ्यांच्या जमिनींचा हा पट्टा, म्हणून मगरपट्टा. एका कुंपणात राहती घरं, कंपन्यांच्या कचेऱ्या, दुकानं, शाळा, दवाखाना आणि मधोमध पंचवीस एकरांची बाग. सगळं मिळून चारशेहून जास्त एकर. सन २००० मध्ये इथं बांधकामाला हात लागला. त्याआधी या जागेवर ऊस उभा असायचा.

आता पुण्यात नवी वसाहत झाली यात नवल ते काय, असं तुम्ही म्हणाल. दर आठवड्याला कुठल्या तरी टाउनशिपचं पान भरून चित्र वर्तमानपत्रात येतंच. पण ही वसाहत बाहेरच्या कुणी जमीन विकत घेऊन उभारलेली नाही. ज्यांच्या जमिनी होत्या त्या सुमारे एकशेवीस शेतकरी कुटुंबांनीच ती उभारली. आणि मला ती बघायची होती ती हौस म्हणून नव्हे. आमच्या माहेरच्या शेतावर सध्या अशाच एका टाउनशिपचा फलक लागला आहे.

माझं माहेर इंदापूरचं. सासर बारामती. अण्णांची आणि दोन काकांची मिळून रस्त्याला लागून साडेसहा एकर आहे. पूर्वी ज्वारी, मग ऊस, आता निम्मी पडीक. गेल्या वर्षी एका बिल्डरची माणसं आली. त्यांनी मोठा नकाशा पसरला: इथं फ्लॅट, इथं बंगले, इथं बाजारपेठ, इथं इंग्रजी शाळा, इथं कारंजं. महिन्याभरात बांधावर लोखंडी फलक उभा राहिला. फलकावर कारंज्याशेजारी हातात पिशव्या घेतलेल्या दोन गोऱ्यापान बाया हसताहेत. तसल्या बाया इंदापुरात मी जन्मात पाहिल्या नाहीत. खाली ठळक अक्षरांत 'भव्य भूमिपूजन, दसरा'. आणि त्याच आठवड्यात आम्हा बहिणींना नि दोघी आत्यांना घरून फोन आला, की एकदा सगळ्या येऊन सह्या करून जा.

कसल्या सह्या ते कुणी सांगितलं नाही, आणि आपल्याकडे ते विचारायची पद्धतही नाही. माहेरचा कागद आला की बाईनं सही करायची. हक्कसोडपत्र या शब्दाचा अर्थ आपल्याला बहुधा ते करून झाल्यावरच कळतो.

मगरपट्ट्याला माझी मामेबहीण राहते. दाजी तिथल्याच एका संगणक कंपनीत आहेत. घरून कचेरीपर्यंत चालत बारा मिनिटं. ताई म्हणाली, "नुसतं फोनवर काय विचारतेस, दोन दिवस येऊन राहा." शाळेला सुट्टी होती, यांना डबा करून ठेवायचा प्रश्न सासूबाईंनी सोडवला, आणि मी पाटसमार्गे जाणाऱ्या एस.टी.त बसले.

ताईचं घर पाचव्या मजल्यावर. हवेशीर, दोन खोल्या नि बैठकीची खोली, ओट्यासमोर खिडकी. खिडकीतून समोरच्या इमारतीचं नाव दिसतं. इथल्या सगळ्या इमारतींच्या समूहांना फुलाझाडांची नावं आहेत: डॅफोडिल, आयरिस, कॉसमॉस, हेलिकोनिया, ट्रिलियम. ताईच्या सासूबाईंना आपल्या मैत्रिणीच्या इमारतीचं नाव अजून नीट येत नाही. त्या 'टिळेकरम' म्हणतात आणि रिक्षावाल्याला ते बरोबर कळतं. ज्या मातीत पिढ्यान्पिढ्या ऊस नि भाजीपाला पिकला, तिथं एखादी शेवंती नाहीतर अबोली का नसावी, हे मला काही उमगलं नाही. पण ते असो, नावापेक्षा नळाला पाणी महत्त्वाचं.

घरकामाच्या दृष्टीनं जे पाहिलं ते आधी सांगते, कारण घरी परतल्यावर शेजारणींनी पहिलं तेच विचारलं. गच्च्यांवर सौर बंब आहेत, त्यामुळे सकाळी अंघोळीचं पाणी तापवायची धांदल नाही. पावसाळ्यात मात्र गीझर लावावा लागतो. ओला नि सुका कचरा घरातच वेगळा करायचा. हे २०१६ च्या नियमांनी सगळ्या देशालाच बंधनकारक झालं, पण इथं ते त्याच्या कितीतरी आधीपासून चालू आहे. ओल्या कचऱ्याचं गांडूळखत नि गोबरगॅससारखा वायू होतो, आणि खत वसाहतीतल्याच झाडांना जातं. ताई म्हणाली, "सुरुवातीला मी भेंडीची देठं नि दुधाची पिशवी एकत्र टाकायची, तर कचरेवाली मावशी दारात उभी राहून मलाच शिकवायची." पावसाचं पाणी जिरवायची सोय आहे. मुलं खाली सायकली फिरवतात, आयांना गॅलरीतून ओरडावं लागत नाही.

आणि गैरसोय? वाळवण! पापड-कुरडया कुठं घालायच्या? गच्चीवर बंबाच्या काचा, आणि गॅलरीच्या कठड्यावर काही वाळत घातलेलं दिसू नये हा सोसायटीचा नियम. ताईच्या सासूबाई दर उन्हाळ्यात आठ दिवस गावी जातात त्या केवळ कुरडयांसाठी. शिवाय कमानीबाहेर पडलं की हडपसर नि मुंढव्याची वाहतूक तुमची वाट बघत असतेच. आत बारा मिनिटांत कचेरी, नि बाहेर तेवढ्याच अंतराला पाऊण तास. घरकामाला येणाऱ्या बायका बाहेरच्या वस्त्यांतून रोज हा रस्ता पार करून येतात. सगळं गाव एका कुंपणात असलं तरी भांडी घासणारीचं घर त्या कुंपणात नाही, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही.

संध्याकाळी आम्ही बागेत गेलो. अदिती गार्डन तिचं नाव. मोठाल्या लंबगोलात हिरवळ, पायवाटा, फेऱ्या मारणारी माणसं. कानांत बोंडं घातलेल्या तरुण मुली, पायांत बूट घालून नऊवारीत चालणाऱ्या आज्या, आणि बाकांवर पेन्शनर मंडळी. ताईच्या सासूबाईंचा भजनाचा गट इथंच जमतो. त्यातल्या एक आजी मूळच्या इथल्याच, शेतकऱ्याच्या घरातल्या. मी इंदापूरची म्हटल्यावर त्या लगेच म्हणाल्या, "म्हंजी आमच्याच कालव्याच्या शेपटाची की तू!"

हे मात्र अगदी खरं. खडकवासल्याच्या धरणातून निघालेला मुठा उजवा कालवा पुणं ओलांडून हडपसरला येतो, आणि लोणी, दौंड करत सुमारे दोनशे किलोमीटर जाऊन इंदापूर तालुक्यात संपतो. डोक्याकडच्या शेतकऱ्याला पाणी पोचतं, शेपटाकडचा आवर्तनाची वाट बघत बसतो. पुणं वाढलं तशी ही वाट लांबत गेली. आमच्याकडे "पुणेकरांनी पाणी प्यालं" हे वाक्य लहानपणापासून ऐकलंय.

आजी सांगत होत्या, "पाण्याची पाळी रातची आली की मालक बॅटरी घेऊन दारं धरायला जायचं. म्या भाकरी घेऊन मागनं. हितं, ह्या बाकाच्या आसपास आमची विहीर हुती बघ." मी विचारलं, जमीन गेल्याचं वाईट वाटतं का? त्या क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या. "गेली कुठं? पायाखालीच हाय की." मग जरा थांबून म्हणाल्या, "पर दारं धरायला न्हाई लागत, त्येवढं बरं झालं."

ही जमीन 'गेली' का नाही, याची हकीकत ऐकण्यासारखी आहे. पुणे महापालिकेच्या १९८२ च्या विकास आराखड्याच्या मसुद्यात हा सगळा पट्टा पुढंमागं शहर होईल असा दाखवला गेला. शेतकऱ्याला यात आनंद वाटण्यासारखं काही नव्हतं. १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्यानं शहरी जमीन ठरावीक मर्यादेपलीकडे ठेवता येत नव्हती, म्हणजे शेत शहरी ठरलं की ते सरकारजमा होण्याची टांगती तलवार. दुसरीकडे बिल्डर एकेकाला गाठून तुकडे विकत घेणार. शहराजवळच्या गावांत हे आपण सगळ्यांनीच पाहिलंय. चाळीस गुंठ्यांचा एकर. त्यातले दहा विकले की दारात नवी जीप, वीस विकले की गळ्यात साखळी नि वाढदिवसाचे फलक. लोकांनी त्यांना 'गुंठामंत्री' असं नावच ठेवलं. पाच-सहा वर्षांनी जीपही जाते, जमीनही. मग त्याच जमिनीवरच्या इमारतीत मुलगा रखवालदार. अशा घरांतल्या बायकांची नावं कुणी ठेवली नाहीत, पण जीप घेताना त्यांना कुणी विचारलं नव्हतं हे मी खात्रीनं सांगते.

मगरपट्ट्यात सतीश मगर या शेतकरी घरातल्याच तरुणानं, शेतकी शिकलेल्या माणसानं, भाऊबंदांना एकत्र बसवलं. आराखड्याचा मसुदा १९८२ चा आणि बांधकामाची सुरुवात २००० ची. मधल्या अठरा वर्षांत किती बैठका झाल्या असतील याचा विचार करा. आमच्या तीन भावांना साडेसहा एकरांवर एकमत व्हायला वर्ष पुरेना. इथं एकशेवीस कुटुंबं. कुणाची जमीन रस्त्याला लागून, कुणाची आत, कुणाची विहीर गोडी, कुणाची मचूळ. १९९३ च्या सुमारास त्यांनी सगळ्या पट्ट्याचा एकच आराखडा सरकारपुढे ठेवला आणि मग स्वतःची कंपनी काढली.

योजना कशी, हे मी ताईकडून दोनदा समजून घेतलं नि मग मला ते आपल्या भिशीसारखं वाटलं. भिशीत जिचे दोन हप्ते तिचे दोन वाटे. तसं ज्यानं जितकी जमीन घातली त्या प्रमाणात त्याला कंपनीचे शेअर. कुणाचं शेत बागेखाली गेलं, कुणाचं रस्त्याखाली, कुणाच्या शेतावर कचेऱ्यांचे मनोरे आले. पण त्यामुळे कुणी गरीब नि कुणी श्रीमंत झालं नाही, कारण वाटा जागेवर नव्हता, प्रमाणावर होता. जमीन विकून एकरकमी पैसा कुणाच्या हातात पडला नाही. घरं विकली जातील तसतसा तो येत गेला. कचेऱ्यांच्या बऱ्याच इमारती भाड्यानं दिल्या, त्यामुळे मिळकत चालू राहिली; उसाचं बिल वर्षातून एकदा यायचं, तसं हे भाडं.

शिवाय घरातल्या पोरांना कामं मिळाली. विटा पुरवणं, माती वाहणं, नळजोडणी, रंगकाम, बागा राखणं, असे ठेके शेतकऱ्यांच्या मुलांनी घेतले आणि त्यासाठी त्यांना शिकवलंही गेलं. माझ्या मते सगळ्यात शहाणपणाची गोष्ट ही. एरवी जमीन गेली की रिकामा हात हीच घरातली मोठी कटकट, आणि रिकाम्या हाताचा राग कुणावर निघतो ते आपल्याला सांगायला नको. याच धर्तीवर सिंहगड रस्त्याला नांदेड गावच्या शेतकऱ्यांनी पुढं नांदेड सिटी उभारली, ती तर सातशे एकरांची.

दुसऱ्या पद्धतीची आठवणही याबरोबर व्हावी. नवी मुंबई वसवायला १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे-रायगडमधल्या पंच्याण्णव गावांच्या जमिनी सरकारनं घेतल्या. मोबदल्यावरून दि. बा. पाटलांच्या पुढारपणाखाली शेतकरी उठले. जानेवारी १९८४ मध्ये उरणजवळ जासईच्या परिसरात गोळीबार होऊन पाच जणांचा जीव गेला. त्यानंतर साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायची योजना आली. वाशी, नेरूळ आज छान आहेत; पण त्या छानपणाखाली काय आहे ते तिथल्या मूळच्या घरांतल्या बायकांना ठाऊक आहे. आणि आमच्या तालुक्याला तर उजनी आहेच. माझ्या आजीचं माहेर उजनीच्या पाण्याखाली गेलं. उन्हाळ्यात धरणाचं पाणी ओसरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं, लोक होडीनं बघायला जातात. आजी एकदाच गेली नि परत गेली नाही.

तर मगरपट्ट्याचं कौतुक मला आहे, मनापासून आहे. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ताईकडे चहा पिताना माझ्या डोक्यात एक किडा वळवळायला लागला. जितकी जमीन तितके शेअर. मग जमीन कुणाची? सातबाऱ्यावर ज्याचं नाव त्याची. म्हणजे त्या उसात खुरपायला, तोडायला येणाऱ्या मजुरांना शेअर असायचं कारण नाही, त्यांची फक्त मजुरी बुडाली. आणि घरातल्या बाया? भाकरी घेऊन बांधावर जाणाऱ्या, रात्री कंदील धरणाऱ्या? त्यांचं नाव सातबाऱ्यावर असलं तर शेअर, नसलं तर त्या आणि मजूर एकाच रांगेत. हिशेब कितीही चोख असला तरी तो कागदावरच्या नावापासून सुरू होतो.

बागेतल्या आजींना मी संध्याकाळी पुन्हा गाठलं नि सरळ विचारलं, "आजी, तेव्हा तुमच्या सह्या घेतल्या होत्या का हो?"

त्या खो खो हसल्या. "घेतल्या की! चांगल्या दहा-बारा ठिकानी. कुठं कुठं घेतल्या त्ये मातूर इचारू नगंस." आणि मग माझ्या हातावर थाप मारून म्हणाल्या, "तू शिकल्याली हायेस. वाचून कर."

ताईच्या शेजारी एक वकीलीणबाई राहतात. दुपारी त्यांच्याकडे बसले, त्यांनी जे सांगितलं ते तुमच्याही उपयोगी पडेल म्हणून इथं लिहिते. आपल्या महाराष्ट्रानं १९९४ मध्येच कायद्यात दुरुस्ती करून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाच्या बरोबरीचा जन्मसिद्ध वाटा दिला. पण त्या दिवसाआधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. २००५ मध्ये केंद्राच्या कायद्यात बदल झाला आणि लग्न झालेलं असो वा नसो, वाटा सारखा झाला. तरी वडील २००५ च्या आधी वारले असतील तर काय, यावर कोर्टात वाद चालूच होते. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगून टाकलं की हा हक्क जन्मानं येतो, वडील त्या तारखेला हयात असायलाच हवेत असं नाही. मात्र २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर झालेली वाटणी किंवा विक्री या कायद्यानं उलटत नाही. आमच्या घरात तर तशी कागदोपत्री वाटणी कधी झालेलीच नाही.

त्या पुढं म्हणाल्या, "हक्क आहे म्हणून बिल्डर तुमची सही मागतो. नसता तर तुमच्याकडे ढुंकूनही बघितलं नसतं." हे मला फार पटलं. मी समजत होते की सही मागतात ती मानपानाची, जशी लग्नपत्रिकेत आत्याबाईंची नावं घालतात तशी.

मग त्यांनी तीन कागदांचा फरक सांगितला. हक्कसोडपत्र नोंदवलं की आपला वाटा कायमचा सुटला, मागाहून "मला वाचून दाखवलं नव्हतं" म्हणत कोर्टात वर्षानुवर्षं खेटे घालायची तयारी हवी. विकसन करारनाम्यात जमीनमालक नि बिल्डर यांनी काय द्यायचं-घ्यायचं ते लिहिलेलं असतं. त्यात आपलं नाव मालक म्हणून येतं की नुसतं 'संमती देणार' म्हणून येतं ते पाहायचं. आणि कुलमुखत्यारपत्र म्हणजे आपल्या नावानं पुढचं सगळं करायची मोकळीक. ते कुणाला, कशापुरतं, हे ओळ न् ओळ वाचायचं. शिवाय त्यांनी विचारलं, "फलकावर महारेराचा नोंदणी क्रमांक आहे का?" घरं विकण्याची जाहिरात करण्याआधी प्रकल्पाची नोंदणी व्हावी लागते आणि तो क्रमांक जाहिरातीत द्यावा लागतो. माझ्या मोबाइलमध्ये फलकाचा फोटो होता. आम्ही तो मोठा करून करून पाहिला. कारंजं होतं, गोऱ्या बाया होत्या, दोन फोन नंबर होते. क्रमांक नव्हता.

येताना एस.टी.त लोणी, उरुळी, यवत मागं पडत होती आणि मी खिडकीतून फलक मोजत होते. प्रत्येक गावाच्या शिवेवर एक तरी. कुठं 'स्वप्ननगरी', कुठं इंग्रजी नाव, नि फलकाच्या खाली अजून कोबी नाहीतर मका उभा. या प्रत्येक शेतामागं किती आत्या, किती बहिणी असतील, आणि त्यांना फोन गेला असेल का, हेच मनात येत होतं.

घरी बोलायचं म्हणजे काय दिव्य होतं ते तुम्ही जाणताच. माझ्या धाकट्या बहिणीचा पहिला प्रश्न: "ताई, माहेर तुटलं तर?" हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. दिवाळीला भाऊ न्यायला येतो, बाळंतपणाला आई असते, सासरी काही झालं तर जायला एक दार असतं. दोन-चार गुंठ्यांसाठी ते दार लावून घ्यायला कुणाही बाईचं मन धजत नाही, आणि भावांनाही ते पक्कं ठाऊक असतं. आमचे भाऊ वाईट नाहीत हो. त्यांना कुणी कधी दुसरं सांगितलंच नाही इतकंच. यांनीही मला आधी "तुमच्या घरचं तुम्ही बघा" म्हणून हात झटकले. मग दोन दिवसांनी स्वतःच विचारलं, की तुझ्या आत्यांचा वाटा किती निघतो? मी सांगितलं, तो हिशेब आत्या करतील.

मी अण्णांना वाटा मागितला नाही. एवढंच म्हटलं, की सगळ्यांची नावं मालक म्हणून राहू देत, जे काय येईल ते मगरपट्ट्यासारखं प्रमाणात येऊ दे, आणि एकरकमी नको. बिल्डरला दोन गोष्टी विचारा: नोंदणी क्रमांक कुठं आहे, आणि घरं विकली जातील तसा पैसा देणार का? अण्णा बराच वेळ सुपारी कातरत बसले. मधले काका तापले, "पोरींना शिकवलं हे चुकलं" असंही बोलून गेले. धाकटी काकू आतून चहा घेऊन आली नि कप ठेवता ठेवता म्हणाली, "विचारायला काय पैसे पडतात?" एकोणीस वर्षांत काकांच्या बोलण्यावर ती उलट बोललेली मी पहिल्यांदा ऐकली.

बिल्डरची माणसं त्यानंतर एकदा आली. क्रमांकाचं "प्रोसेसमध्ये आहे" म्हणाली, पैशाचं साहेबांशी बोलून सांगतो म्हणाली. दसरा आला नि गेला, भूमिपूजन झालं नाही. परवा भाऊ फोनवर सांगत होता की फलकावरच्या 'दसरा' या शब्दावर पांढरी पट्टी चिकटवून तिथं 'गुढीपाडवा' केलंय. कागदांची पिशवी अण्णांच्या कपाटात तशीच आहे, कुणाचीच सही झालेली नाही. थोरली आत्या चौऱ्याहत्तर वर्षांची. तिनं उभ्या आयुष्यात माहेरी एक साडी सोडून काही मागितलं नाही. पाडव्याला ती यायची आहे. त्याआधी डोळे तपासून नवा चष्मा करून घेते म्हणालीय.